विज्ञानकथेत 'आपण दहाच टक्के मेंदू वापरतो' हे गृहीत धरलं तर चालेल का?

गावठाण:

नमस्कार मंडळी. एक विज्ञानकथा लिहायला घेतलीये, जमली तर मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवेन, नाहीतर एखाद्या दिवाळी अंकाला. कथा थोडक्यात अशी, पुण्यात एमपीएससी करणारा एक मुलगा, वय निघून चाललंय, घरून पैसे येणं कठीण होत चाललंय, आणि अभ्यासिकेतला एक जण त्याला एक गोळी देतो. त्या गोळीने मेंदूचा बंद असलेला नव्वद टक्के भाग हळूहळू उघडत जातो. आधी सगळं पाठ व्हायला लागतं, मग लोकांच्या मनातलं कळायला लागतं, मग अजून पुढे पुढे.

पहिला भाग बहिणीला वाचायला दिला. ती नर्सिंगला आहे. ती म्हणाली दादा हे दहा टक्के वगैरे काही नसतं, आम्हाला असं कुठेही शिकवलेलं नाही. पण मी तर हे शाळेपासून ऐकत आलोय, व्यक्तिमत्त्व विकासाच्या प्रत्येक शिबिरात सांगतात, आइनस्टाइनचं नाव घेऊन सांगतात, हॉलिवूडचे पिक्चर आहेत यावर. तर मला जाणकारांकडून हे हवंय की हे साफ खोटं आहे की त्यात काही तथ्य आहे, आलं कुठून, आणि खोटं असलं तरी कथेत वापरायला काय हरकत आहे, शेवटी विज्ञानकथेत टाइम मशीन चालतंच ना. कथेचा कणाच हा आहे त्यामुळे मनापासून विचारतोय.

फिजिओ_माधवी:

तुमच्या बहिणीचं शंभर टक्के बरोबर आहे. मी न्यूरो वॉर्डला फिजिओथेरपिस्ट आहे, अर्धांगवायूचे पेशंट रोजचेच, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

मेंदूचा नव्वद टक्के भाग जर खरंच रिकामा बसलेला असता तर डोक्याला मार लागला किंवा मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली तर दहातल्या नऊ वेळा माणसाला काहीच झालं नसतं. प्रत्यक्षात काय होतं, मेंदूच्या आतल्या एका अरुंद पट्ट्यातून हातापायाकडे जाणाऱ्या सगळ्या नसांचे तंतू जातात, तिथे दीड सेंटीमीटरपेक्षाही लहान ठिपका खराब झाला तरी चेहरा, हात, पाय असं अख्खं अर्धं अंग लुळं पडू शकतं. एमआरआयवर तो ठिपका नातेवाईकांना दाखवला तर त्यांचा विश्वास बसत नाही की एवढ्याशाने हे झालं. आणि डाव्या बाजूला पुढच्या भागात झटका आला तर वाचाच जाते. पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये असा एक पेशंट नोंदवून ठेवलाय, तो 'टॅन' एवढंच बोलू शकायचा, मेल्यावर मेंदू तपासला तर डाव्या बाजूला पुढे इजा सापडली.

असे पेशंट मी जवळून बघते. माणूस समोर बसलेला असतो, तुमचं बोलणं बरंचसं समजतंय, तहान लागलीये, तांब्याकडे बघतोय, ओठ हलतात, कपाळावर घाम येतो, आणि 'पाणी' हा शब्द काही निघत नाही. त्याच माणसासमोर बायकोने गणपतीची आरती म्हणायला सुरुवात केली की हा तिच्याबरोबर कडवंच्या कडवं म्हणतो, स्पष्ट शब्दांत. आरती संपली की परत पाणी मागता येत नाही. कारण स्वतः वाक्य जुळवून बोलणं आणि पाठ असलेलं गाऊन म्हणणं यासाठी मेंदू सगळीच्या सगळी सारखी यंत्रणा वापरत नाही, एक मोडली तरी दुसरी शाबूत राहू शकते. याच गोष्टीचा आधार घेऊन स्पीच थेरपीवाले सुरात बोलायला शिकवण्याची एक पद्धत वापरतात. म्हणजे मेंदूत रिकामी जागा नाहीये, प्रत्येक भागाला काहीतरी काम आहे.

आता मला हे एवढं का लागतं ते सांगते. नातेवाईक खरंच विचारतात की मॅडम मेंदू तर बराचसा पडूनच असतो ना, मग दुसरा भाग आपोआप चालू होईल. आणि त्या 'आपोआप'च्या भरवशावर घरी गेल्यावर व्यायाम बंद करतात. आजूबाजूचे भाग काही प्रमाणात काम उचलतात हे खरं आहे, पण ते पडून असतात म्हणून नाही, एकच हालचाल शेकडो वेळा करवून घेतली की तिथल्या जोडण्या बदलतात म्हणून. आणि पहिले काही महिने त्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे असतात, तेच वाया जातात.

उंबरठा:

माधवीताई, आरतीचा किस्सा काळजात घुसला. मी मानसशास्त्राची पदवीधर, नोकरी वेगळ्याच क्षेत्रात पण वाचन चालू आहे. 'आलं कुठून' यावर मी लिहिते.

एका माणसाने एका दिवशी सांगितलं असं काही नाहीये. विल्यम जेम्स हे हार्वर्डचे मोठे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा १९०७ मध्ये एक निबंध छापून आला माणसाच्या ऊर्जेवर, त्यात ते म्हणतात की आपण आपल्या मानसिक आणि शारीरिक क्षमतेचा थोडाच भाग वापरतो. बस. टक्केवारी नाही, मेंदूचा अमुक भाग बंद आहे असंही नाही, माणूस मनात आणलं तर जास्त करू शकतो एवढाच अर्थ आणि त्यात खोटं काहीच नाही. मग हे जाहिरातवाल्यांच्या हातात पडलं. १९२९ च्या वर्ल्ड अल्मनॅकमध्ये एक जाहिरात होती ज्यात शास्त्रज्ञांच्या नावावर सरळ दहा टक्के असं छापलंय. आणि १९३६ मध्ये डेल कार्नेगीचं ते मित्र जोडण्याबद्दलचं जगप्रसिद्ध पुस्तक आलं, त्याची प्रस्तावना लोवेल थॉमस या पत्रकाराने लिहिली आणि त्यात त्याने जेम्स यांच्या तोंडी घातलं की सामान्य माणूस आपल्या सुप्त क्षमतेचा दहा टक्केच विकास करतो. ते पुस्तक किती भाषांत आणि किती घरांत गेलं हे वेगळं सांगायला नको, शिबिरवाल्यांकडे ते कुठून आलं असेल याचा अंदाज तिथेच लागतो. आइनस्टाइनने असं कुठे म्हटल्याचा पुरावा सापडत नाही, त्यांचं नाव नुसतं वजन यावं म्हणून चिकटवलेलं आहे.

शास्त्राच्या बाजूनेही थोडा हातभार लागला. कार्ल लॅशले उंदरांच्या मेंदूचे भाग काढून बघत होता आणि बराच भाग काढूनही उंदीर भूलभुलैयातली वाट बऱ्यापैकी शोधायचे. कॅनडात मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड ऑपरेशनच्या वेळी जाग्या पेशंटच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून बघायचा, काही ठिकाणी स्पर्श केला की बोट हलायचं, काही ठिकाणी जुनी आठवण यायची, पण बऱ्याच ठिकाणी काहीच व्हायचं नाही. त्या जागांना 'मूक' म्हटलं जायचं आणि लोकांनी त्याचा अर्थ निकामी असा घेतला. आज माहीत आहे की कपाळामागच्या त्या मूक जागाच नियोजन, संयम, निर्णय असली कामं करतात, पण अशा कामांचं बोट हलण्यासारखं दिसणारं उत्तर मिळत नाही.

तर्कट:

वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत पण मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये.

पहिलं म्हणजे मेंदूत राखीव क्षमता अजिबात नसते हे मला पटत नाही. लहान मुलांना काही आजारांत फिट इतक्या येतात की मेंदूचा अर्धा भाग काढतात किंवा उरलेल्या भागापासून तोडतात, आणि ती मुलं नंतर चालतात, बोलतात, शाळेत जातात. अर्धा मेंदू! तसंच शेफिल्डचे डॉक्टर जॉन लॉर्बर यांनी एक गणिताचा विद्यार्थी दाखवला होता, डोक्यात पाणी साठलेलं, स्कॅनमध्ये मेंदूचा पातळ थर दिसतोय आणि आयक्यू १२६. १९८० मध्ये 'सायन्स'मध्ये यावर लेख आला होता. मग हे काय आहे?

दुसरं, ही कथा आहे, पाठ्यपुस्तक नाही. २०१४ चा 'ल्युसी' घ्या, लुक बेसाँने मुलाखतीत स्वच्छ सांगितलंय की दहा टक्क्यांचं खोटं आहे हे त्याला माहीत होतं. तरी त्याने पिक्चर केला आणि लोकांनी बघितला. लेखकाला कथेपुरती एक खोटी गोष्ट घेण्याचा अधिकार असतोच. गावठाण, तुम्ही बिनधास्त लिहा.

फिजिओ_माधवी:

@तर्कट, राग अजिबात नाही, उदाहरणं अगदी योग्य काढलीत. पण ती दोन्ही नीट बघा.

अर्धा मेंदू काढलेली मुलं चालतात हे खरं, पण विरुद्ध बाजूच्या हाताची बोटं नीट चालत नाहीत, शर्टाचं बटण त्या हाताने लावता येत नाही, आणि दोन्ही डोळ्यांना समोरच्या दृश्याची एक बाजू दिसत नाही. ते कायमचं. भाषा दुसरीकडे सरकते कारण वय लहान असतं, जोडण्या अजून बनत असतात, आणि तो अर्धा भाग बऱ्याचदा आजाराने आधीपासूनच बिघडलेला असतो त्यामुळे सरकण्याचं काम ऑपरेशनच्या आधीच सुरू झालेलं असतं. हेच ऑपरेशन पन्नाशीच्या धडधाकट माणसावर केलं तर काय होईल ते लिहायची गरज नाही. लॉर्बर यांच्या मुलाच्या बाबतीत पाणी वर्षानुवर्षं हळूहळू साठत जातं आणि मेंदू कवटीकडे दाबला जातो, थर पातळ दिसतो म्हणून तेवढ्या पेशी नाहीशाच झाल्या असं नसतं. शिवाय दोन्ही उदाहरणांत जो मेंदू उरलाय तो पूर्ण कामाला लागलेला आहे. पडून असलेला मेंदू यातल्या कुठल्याच उदाहरणात नाही.

अजून एक, स्कॅनची चित्रं. पेपरात फोटो येतो, राखाडी मेंदू आणि त्यात दोन लाल ठिपके, खाली लिहिलेलं की गणित करताना मेंदूचा हा भाग चालतो. वाचणाऱ्याला वाटतं बाकीचं बंद आहे. तसं नसतं. गणित करताना आणि न करताना यातला फरक तेवढा रंगवलेला असतो, राखाडी भागही चालूच असतो, झोपेतसुद्धा चालू असतो.

आणि खर्चाचा विचार करा. मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो, शरीराच्या २ टक्के, पण आराम करताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातली २० टक्के एकटा मेंदू घेतो. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलात तर हा वाटा चाळीस टक्क्यांच्याही वर जातो. एवढं महागडं इंद्रिय नव्वद टक्के बिनकामाचं असतं तर लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत टिकलंच नसतं, त्यातून एवढ्या मोठ्या डोक्यामुळे बाळंतपण किती अवघड होतं ते वेगळंच.

हां, एक गोष्ट खरी आहे की ८६ अब्ज चेतापेशींपैकी एका क्षणी जोरात चालू असलेल्या फार थोड्या असतात. पण ते तसंच असायला हवं. छापखान्यातली सगळी अक्षरं एकदम कागदावर दाबली तर शब्द तयार होत नाही, नुसता काळा ठोकळा उमटतो, तसं आहे ते. कोणत्या पेशी गप्प आहेत यातूनही अर्थ तयार होतो. असंख्य पेशी एकदम एका तालात पेटायला लागल्या की काय होतं ते मी वॉर्डमध्ये बघते, त्याला आकडी म्हणतात. तुमच्या कथेतल्या मुलाचा मेंदू 'शंभर टक्के' झाला तर तो अभ्यासिकेच्या फरशीवर पडेल, तोंडाला फेस येईल, आणि कोणीतरी त्याला कुशीवर वळवावं लागेल.

दोघांची_आई:

मी यातली तज्ज्ञ नाही पण हे खोटं नुसतं पिक्चरपुरतं राहत नाही म्हणून लिहितेय. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचं पेव फुटलं होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम, मुलाच्या डोळ्याला पट्टी, आणि तो पट्टी बांधून रंग ओळखतोय, पुस्तक वाचतोय, सायकल चालवतोय. सुरुवातीलाच भाषण की आपण मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो, उरलेला आम्ही जागा करून देतो. फी हजारोंच्या घरात. आमच्या मोठीला घातलं होतं सासूबाईंच्या आग्रहाने.

ती घरी येऊन पट्टी बांधून वाचून दाखवायची आणि मला दिसायचं की मान थोडी वर करून ती पुस्तक नाकाच्या खाली धरतेय. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी चिकटून बसत नाही, तिथून खालचं दिसतं. मी पुस्तक तिच्या कपाळाच्या उंचीवर धरलं तर एक अक्षर वाचता येईना. पोरगी रडायला लागली, मला म्हणाली आई तिथे सगळेच असं करतात, सर म्हणाले कोणाला सांगायचं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला आईवडिलांशी खोटं बोलायला शिकवलं होतं, पैशापेक्षा मला ते जास्त लागलं. अंनिसवाल्यांनी तेव्हा याविरुद्ध आवाज उठवला होता म्हणून बऱ्याच पालकांचे डोळे उघडले.

नंतर वाचलं की मिडब्रेन म्हणजे मेंदूच्या देठातला जेमतेम दोन सेंटीमीटरचा भाग, डोळ्यांची हालचाल, उजेडात बाहुली लहान होणं असली कामं तो जन्मापासून करतच असतो, त्याला कोणी ॲक्टिव्हेट करायची गरज नाही. त्यामुळे तर्कट, तुम्ही म्हणता तसं कथेत खोटं चालतं, मान्य, पण टाइम मशीनची गोष्ट वाचून कोणी टाइम मशीनच्या क्लासची फी भरत नाही. हे दहा टक्क्यांचं लोक खरं मानून घरी घेऊन जातात.

उंबरठा:

दोघांची_आई, मुलीचं वाचून फार वाईट वाटलं. आणि तुम्ही जो फरक सांगितलात तो अगदी नेमका आहे. 'ल्युसी'त हे कोणी गोळी विकणारा गुंड सांगत नाही, प्राध्यापक व्याख्यानात सांगतो, माणूस दहा टक्के वापरतो आणि डॉल्फिन वीस, समोर श्रोते गंभीरपणे ऐकतायत. प्रेक्षकाला कल्पना कुठे संपते आणि माहिती कुठे सुरू होते हे कळायची काही सोयच ठेवलेली नाही. २०११ च्या 'लिमिटलेस'मध्येही तसंच, तिथे फक्त आकडा वीस आहे.

पण गावठाण, माझा मुख्य आक्षेप कथा म्हणून आहे. टक्केवारी घेतली की कथेचा आलेख आधीच ठरून जातो, वीस, चाळीस, साठ, शंभर, वाचक फक्त आकडा चढायची वाट बघतो. आणि जे मिळतंय ते मुळात त्याचंच होतं, कुलूप लावून ठेवलेलं, मग त्याची किंमत काय द्यायची? किंमत नाही तर पेच नाही. खरा मेंदू लेखकाला जास्त देतो कारण तिथे सगळी जागा आधीच व्यापलेली आहे, एक गोष्ट वाढवायची तर दुसऱ्या कशाची तरी जागा आणि वेळ जाणार. डॅनियल कीज यांनी १९५९ मध्ये बुद्धी वाढवण्याच्या ऑपरेशनवर कथा लिहिली, आयक्यू ६८ चा चार्ली, त्यात एकही बंद खोली उघडत नाही, आणि ती आजही वाचताना हुंदका येतो.

तुमच्या विषयाला धरून एक प्रयोग सांगते. २०२३ मध्ये मेलबर्न आणि केंब्रिजच्या संशोधकांनी निरोगी माणसांना खरोखरच्या 'स्मार्ट' गोळ्या देऊन अवघड कोडी सोडवायला लावली, पोत्यात ठराविक वजनात जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा भरायच्या त्या प्रकारची. लोकांनी जास्त मेहनत घेतली, जास्त चाली करून बघितल्या, आणि त्या मेहनतीचा दर्जा मात्र घसरला. ज्यांचं गोळीशिवाय चांगलं चाललं होतं त्यातले बरेच मागे पडले. तुमचा मुलगा रात्रभर जागून पानंच्या पानं वाचतोय, आपलं जबरदस्त चाललंय अशी त्याची खात्री, आणि टेस्ट सिरीजमधले मार्क खाली येतायत, हे मला मन वाचण्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

तर्कट:

ऑपरेशनवाल्या मुलांच्या बोटांचं आणि दृष्टीचं माहीत नव्हतं, माधवीताई धन्यवाद. लेखकाच्या अधिकाराबद्दल मी अजूनही ठाम आहे, पण तो अधिकार वापरून कथा चांगली व्हायला हवी हे उंबरठा यांचं म्हणणं पटतं. पोत्याच्या प्रयोगावर तर वेगळी कथा होईल.

गावठाण:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. नव्वद टक्के काढून टाकतोय. गोळी ठेवतो, पण ती काही उघडत नाही, ती विसरणं थांबवते एवढंच. मन वाचणं वगैरे बाद. अभ्यासिकेत आकडी येण्याचा प्रसंग दुसऱ्या एका पात्रावर घेतो, ज्याने गोळ्या जास्त घेतल्यात. माधवीताई, कुशीवर वळवायचं तेवढं बरोबर लिहीन, तोंडात चमचा, नाकाला कांदा असलं काही नाही.

एकच विचारायचंय, विसरता न येणाऱ्या माणसाला त्रास नेमका कसा सुरू होत असेल? पहिली खूण काय दाखवू?

उंबरठा:

यासाठी शेरेशेव्हस्की वाचा. मॉस्कोत वर्तमानपत्रात बातमीदार होता, संपादकाच्या लक्षात आलं की हा कधीच काही लिहून घेत नाही, त्याने त्याला मानसशास्त्रज्ञ लुरिया यांच्याकडे पाठवलं आणि लुरियांनी त्याचा जवळजवळ तीस वर्षं अभ्यास केला. लांबच लांब आकड्यांचे तक्ते त्याला वर्षांनंतरही जसेच्या तसे आठवायचे. पण साधा परिच्छेद वाचणं जड जायचं, कारण प्रत्येक शब्दाबरोबर एक चित्र उभं राहायचं आणि चित्रांच्या गर्दीत वाक्याचा अर्थ हरवायचा. चेहरे लक्षात राहायचे नाहीत, त्याचं म्हणणं ते सारखे बदलतात. नंतर तो रंगमंचावर स्मरणशक्तीचे प्रयोग करायला लागला तेव्हा आधीच्या खेळाचा फळा आताच्या फळ्यावर येऊन बसायचा, पुसायचा कसा हेच कळेना. विसरावं म्हणून तो गोष्टी कागदावर लिहून कागद जाळायचा, तरी जळलेल्या कागदावर अक्षरं दिसायची.

म्हणून पहिली खूण परीक्षेच्या हॉलमध्ये दाखवा. समोर पूर्वपरीक्षेचा पेपर, प्रश्न ओळखीचा, आणि डोळ्यांपुढे महिन्याभरापूर्वीच्या सराव चाचणीचं पान लख्ख उभं, जवळपास तोच प्रश्न पण पर्यायांचा क्रम वेगळा. त्याला उत्तर 'क' दिसतंय, अगदी शाईच्या डागासकट, आणि तो 'क' काळा करतो. असं दहा-बारा प्रश्नांत होऊ द्या. तिथे चार चुकांना एका बरोबर उत्तराचे मार्क कापतात हे तुमच्या वाचकांपैकी परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.